भोकरखोऱ्यातला पूर्ण झालेला साकव

भोकरखोरं नावाचं एक गाव होतं. गावात माणूस एकही नव्हता, त्यामुळे गाव बरं चाललं होतं.

गावाच्या मधोमध एक जांभळीचं झाड होतं, झाडाच्या बुंध्याला एक मोठा काळा फळा टेकवलेला होता, आणि त्या फळ्यापुढे रोज सकाळी साळूबाई उभी असायची. साळूबाई जातीची साळिंदर. लेखणी विकत आणायचा तिला प्रश्नच नव्हता. पाठीवरून गळून पडलेला एखादा काटा घ्यायचा, चुन्याच्या पाण्यात बुडवायचा आणि गावाच्या बातम्या लिहायच्या. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून कुणाला ते काढूनही घेता येत नव्हतं.

बातम्या अशा असायच्या : ‘बाळकू रानडुकराच्या घरी काल पिल्लं झाली. आई सुखरूप. किती झाली ते बाप अजून मोजतो आहे.’ किंवा, ‘वडाखाली एक कात सापडली आहे. ज्याची असेल त्यानं ओळख पटवावी, पण लांबूनच.’ आणि शुक्रवारी न चुकता खाली एक ओळ : ‘उद्या साकवाचं काम. तिसरी फळी डुगडुगते. भाकरी आपापली आणावी, कालवण धोंडाईकडे.’

साकव म्हणजे गावच्या ओढ्यावरचा लाकडी पायपूल. ओढ्यानं गावाचे दोन तुकडे केले होते. घरं अलीकडे, शाळा पलीकडे. आजारी अलीकडे, वैदू पलीकडे. आया अलीकडे, तर दिलेल्या लेकी पलीकडे. या सगळ्यांना जोडणारा तो एक साकव होता, आणि साकव म्हटला की आज फळी सुटायची, उद्या दोर झिजायचा. म्हणून अकरा वर्षं दर शनिवारी गावातली दहावीस जनावरं ओढ्यावर जमत. केरबा वानर वर चढून वेलांचे दोर आवळी. बाळकू रानडुक्कर नाकानं खड्डे उकरून खांब पक्के करी. मुंग्या फटीत माती भरत. हजेरी कुणी घेत नसे. एखादा आला नाही, तर पुढच्या शनिवारी त्याच्या पानात कालवण वाढताना धोंडाई एवढंच विचारी, “बरं नव्हतं का रे बाबा?” तेवढ्यावर काम भागे.

धोंडाई म्हणजे गावातली सर्वांत म्हातारी कासवीण. साळूबाईची शेजारीण. आयुष्यभर तिला अक्षर येत नव्हतं, पण गेल्या हिवाळ्यात साळूबाईनं तिला फळ्यापुढे बसवून बाराखडी शिकवली होती. आता धोंडाई रोज सकाळी निघे, दुपारी फळ्यापाशी पोचे आणि एकेक अक्षर बोटानं चाचपत, मोठ्यानं बातमी वाची. तिची वाचून होईपर्यंत बातमी शिळी झालेली असे, पण वाचल्याचा आनंद ताजा असे.

गावाला एक सरपंचही होते. ते नंदीबैल होते. त्यांचं नाव गुणवंतराव, पण सगळे त्यांना आबा म्हणत. अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, आणि काहीही विचारलं की मान हलवून ‘हो’ म्हणायचे. निवडणुकीत त्यांच्यासमोर ससाणा उभा होता. ससाण्यानं भर सभेत आबांना विचारलं, “मी तुमच्यापेक्षा लायक आहे की नाही, खरं सांगा!” आबांनी मान हलवली. त्यांच्या मनाच्या त्या मोठेपणावर गाव इतकं भाळलं, की आबा प्रचंड मतांनी निवडून आले.

आबा मान हलवत, पण केव्हा हलवायची हे ग्रामसेवक ठरवत. ग्रामसेवक होते आडवे भाऊसाहेब. ते खेकडा होते. त्यांच्या टेबलावर आबांचं जुनं ढोलकं ठेवलेलं असे. भाऊसाहेबांनी नांगीनं त्यावर ‘गुबूगुबू’ केलं, की आबांची मान हले आणि ठराव मंजूर होई. कामाचा कागद भाऊसाहेबांकडे गेला की तो मागं पडायचा नाही, हे खरं. पण पुढंही जायचा नाही. बाजूला जायचा.

एके दिवशी भाऊसाहेबांनी फळ्याचा अभ्यास केला. त्यांच्या ध्यानात आलं की वर्षभरात आबांचं नाव फळ्यावर एकदाच आलं आहे, आणि ते असं : ‘शाळेसमोर वाळत घातलेला भुईमूग आबांनी काल खाल्ला. चुकून.’

“बाई,” भाऊसाहेब साळूबाईला म्हणाले, “गावात एवढं काम चालतं, त्यात आबा कुठंच दिसत नाहीत.”

“ते येत नाहीत ना,” साळूबाई म्हणाली.

“येतील!” भाऊसाहेब म्हणाले.

आणि पुढच्या शनिवारी आबा आले. त्यांच्यापुढे वाजंत्री होती आणि मागं चाळीस पाहुणे. अकरा वर्षं चाललेल्या कामाचा त्या दिवशी शुभारंभ झाला. साकवाच्या तोंडाला फीत बांधली होती. ती कापेपर्यंत कामाला आलेली मंडळी अलीकडेच अडकून राहिली. मग भाऊसाहेबांनी भाषण केलं, कारण आबांचं भाषण मानेपलीकडे जात नसे.

“बंधूंनो आणि भगिनींनो! शेपटीवाल्यांनो आणि बिनशेपटीवाल्यांनो! आजवर या गावात कामं होत होती, पण ती कुणाच्या नेतृत्वाखाली होत आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. केवढा हा अंधार! आज आबांनी तो दूर केला. आबांची तुम्हांला हाक आहे, ‘एक पाऊल गावासाठी!’”

सगळे ‘एक पाऊल गावासाठी’ असं ओरडले. मुंग्यांनी विचारलं, “सहांपैकी कोणतं?”

“त्याचा निर्णय समिती घेईल,” भाऊसाहेब म्हणाले. गावात समिती नव्हती, तेव्हा ती तिथंच नेमली गेली. मग अल्पोपहार झाला. कामाला त्या दिवशी सहा जण होते, अल्पोपहाराला साठ. धोंडाईचं कालवण पहिल्यांदाच कमी पडलं, आणि ती स्वतः नुसती भाकरी खाऊन घरी गेली.

आठवड्याभरात ‘ऐच्छिक श्रमदान (सक्तीचे) नियम’ निघाले. ते समजून घ्यायला केरबा वानर कचेरीत गेला. साळूबाईही बातमीसाठी तिथंच होती.

“म्हणजे भाऊसाहेब, शनिवारी यायचं ते आमच्या मर्जीनंच ना?” केरबानं विचारलं.

“अर्थात. संपूर्ण तुमच्या मर्जीनं. फक्त मर्जीचा अर्ज बुधवारपर्यंत कचेरीत द्यायचा.”

“आणि मर्जी नसली तर?”

“तर गैरमर्जीचा अर्ज. तो सोमवारपर्यंत.”

“तो आधी का?”

“तुमची मर्जी बदलायला दोन दिवस मिळावेत म्हणून. आबांना तुमची केवढी काळजी आहे बघा!”

नांगी ढोलक्यावर पडली. आबांनी मान हलवली.

गाव या नियमांवर भडकलं असतं, पण भाऊसाहेब हुशार होते. त्यांनी सगळ्यांना पदं दिली. केरबा समितीचा कार्याध्यक्ष झाला आणि त्याला जरीचा शेला मिळाला. शेला घालून झाडावर चढता येत नाही, म्हणून त्यानं चढणं सोडलं. बाळकू ‘खड्डे विभाग प्रमुख’ झाला. प्रमुखानं स्वतः खड्डा उकरणं बरं दिसत नाही, म्हणून तो खड्ड्यांची यादी करू लागला. मुंग्या पुष्कळ होत्या, त्यांना सरसकट उपाध्यक्ष करण्यात आलं. महिन्याभरात भोकरखोऱ्यात स्वयंसेवक एकही उरला नाही. जो तो पदाधिकारी झाला.

साळूबाईलाही पद मिळालं, प्रसिद्धीप्रमुख. पदाबरोबर वेताची खुर्ची आली. खरं सांगायचं तर साळूबाईला ती आवडली. इतकी वर्षं उभ्यानं लिहून तिचे गुडघे दुखत होते. शिवाय, येताजाता लोक ‘नमस्कार, प्रमुखबाई’ म्हणत, तेव्हा तिच्या पाठीवरचे काटे मोरपिसासारखे हलकेच फुलत. ‘आपलं काम तेच आहे,’ ती स्वतःला सांगे, ‘फक्त आता बसून करायचं.’

आता ते काम तिला दिलेलं होतं. त्यामुळे ते कसं करावं हेही सांगता येत होतं. भाऊसाहेबांनी लवकरच सांगितलं.

“बाई, यापुढं फळ्यावर फक्त आनंदाची बातमी.”

“आणि दुःखाची झाली तर?”

“ती आनंदानं लिहायची.”

दुसऱ्याच दिवशी माळावरचे ससेआजोबा वारले. साळूबाईनं लेखणी दोनदा चुन्यात बुडवली. मग तिनं लिहिलं, ‘आनंदाची बातमी : माळावरचं एक हवेशीर बीळ नव्या पिढीसाठी उपलब्ध झालं आहे. ससेआजोबांचे आभार.’ लोक वाचून हसले. साळूबाईही हसली. पुढच्या आठवड्यात बाळकूच्या सातही पिल्लांना खरूज झाली, तेव्हा ‘गावातील बालकांमध्ये हालचाल वाढली’ असं तिनं लिहिलं. हेही लोकांना आवडलं. बाळकू सोडून. पण तोही काही बोलला नाही, कारण तो प्रमुख होता.

इकडं साकवाकडं कुणी फिरकत नव्हतं. शनिवारी आता बैठका होत. बैठकीत तिसरी फळी डुगडुगते यावर चर्चा होई आणि ती कोणत्या विभागाची यावर मतभेद होत. ती डुगडुगायची थांबली, कारण ती पडली. मग चौथी पडली. श्रावण संपता संपता ओढा एका दुपारी फुगला आणि ओरडत खाली आला. त्यानं खांब, दोर, फळ्या सगळं उचललं आणि घेऊन गेला. अलीकडच्या काठाला दोन फळ्या तेवढ्या चिकटून राहिल्या, त्याही हवेत तरंगत.

साळूबाई धावत कचेरीत आली. “भाऊसाहेब, साकव गेला!”

भाऊसाहेबांनी शांतपणे डोळे वर काढले. “गेला असं म्हणायचं नाही, बाई.”

“मग काय म्हणू?”

“साकवाचं काम पूर्ण झालं.”

“पूर्ण? अहो, तिथं आता काही नाही!”

“मला सांगा, त्या साकवात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलंय का?”

“काही नाही.”

“एखादी फळी बसवायची?”

“बसवणार कुठं?”

“दोर आवळायचा?”

“नाही.”

“मग काम पूर्णच झालं की!” भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी ढोलकं वाजवलं. आबांनी मान हलवली.

साळूबाई फळ्याकडे परतली. तिची लेखणी जड झाली होती. पण तिनं विचार केला, शब्दाला धरून बघितलं तर हे खोटं नाही. काम खरंच उरलेलं नाही. आणि गावातल्या सगळ्यांना ठाऊकच आहे. साकव वाहून गेला तो अख्ख्या गावानं डोळ्यांनी पाहिला आहे. कोण फसणार आहे? तिनं मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं, ‘आनंदाची बातमी : साकवाचं काम पूर्ण झालं.’

भाऊसाहेबांनी तसं पत्रही सहीनिशी वरच्या रानातल्या मोठ्या कचेरीला पाठवलं. वरच्या रानातून दुसऱ्याच सकाळी अभिनंदन आलं. वेळेच्या आधी पूर्ण झालेलं ते तिथल्या दप्तरातलं पहिलंच काम होतं.

पण गावातल्या एका जिवानं साकव जाताना पाहिला नव्हता. त्या दुपारी धोंडाई अंग आत घेऊन झोपली होती. तिची लेक तुळसा पलीकडे दिलेली होती. तुळसाची अंडी फुटून पिल्लं बाहेर आल्याचा निरोप एका बगळ्यानं उडत उडत सांगितला, तेव्हा धोंडाईला पंख फुटायचे तेवढे राहिले. तिनं हाळिवाचे लाडू वळले, फडक्यात बांधले, पाठीवर घेतले. निघण्याआधी ती फळ्यापाशी गेली आणि अक्षर अक्षर चाचपत तिनं वाचलं, “सा-क-वा-चं का-म पू-र्ण झा-लं. चला, बरं झालं बाई.”

शेजारच्या पिंपळाखाली समितीची जादा बैठक चालू होती. तिथं बसलेल्या कुणीही मान वर केली नाही.

धोंडाई चालताना खाली बघून चालायची. दोन फळ्या तिला दिसल्या. तिनं पहिलीवर पाऊल टाकलं, दुसरीवर टाकलं, आणि तिसरं पाऊल तिनं फळ्यावरच्या बातमीच्या भरवशावर टाकलं.

धबकन आवाज झाला. कासव पाण्यात बुडत नाही, पण म्हातारं कासव फुगलेल्या ओढ्यात पोहतही नाही. ते वाहतं. धोंडाई उताणी होऊन गिरक्या घेत निघाली, आणि गिरकीगणिक ओरडत होती, “अरे धरा रे कुणीतरी मेल्यांनो! लाडू भिजले!”

बैठक मोडली. ठराव न करता मोडलेली ती पहिलीच बैठक. सगळ्यांच्या पुढं साळूबाई धावत होती. केरबानं अंगावरचा जरीचा शेला काढला, करंजाच्या फांदीवर झेप घेतली आणि शेल्याचं टोक खाली सोडलं. “आजी, तोंडात धर!” धोंडाईनं टोक दातांत, म्हणजे दात असते तिथं, घट्ट पकडलं. काठावरून बाळकूनं केरबाची शेपटी ओढली, बाळकूला इतरांनी ओढलं, आणि धोंडाई चिखलात येऊन आदळली.

साळूबाई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. “आजी, लागलं का गं?”

“मला काय लागतंय? देवानं जन्मतःच चिलखत दिलंय.” धोंडाईनं पाणी थुंकलं. “लाडू गेले. आता ओढ्यातल्या मासळ्यांची बाळंतपणं निघतील त्यात.”

सगळे हसले. साळूबाईला हसू आलं नाही.

धोंडाईनं मान लांब करून तिच्याकडं बघितलं. “साळे, एक सांगू? अक्षराविना, आंधळेपणानं साठ-सत्तर वर्षं चालले मी. तेव्हा पाऊल टाकायच्या आधी काठीनं चाचपायची. वाचता यायला लागल्यापासून चाचपायचं सोडलं. म्हटलं, साळूनं लिहिलंय.”

ती रागानं बोलली नव्हती. साळूबाईनं तिला उचलून घरापर्यंत नेलं, चुलीपाशी शेकत बसवलं आणि गरम काढा पाजला. परतताना वाटेत भाऊसाहेब भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं.

“बाई, उद्यासाठी मजकूर तयार आहे,” ते म्हणाले. “‘आनंदाची बातमी : ज्येष्ठांसाठी जलविहाराची सोय सुरू.’”

साळूबाईच्या पाठीवरचा एकेक काटा उभा राहत गेला. भाऊसाहेबांनी ते पाहिलं नाही, कारण ते दुसऱ्याच बाजूला चालत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साळूबाई फळ्यापाशी आली. खुर्ची तिनं उचलून झाडामागे ठेवली. फळा स्वच्छ पुसला. नियम मोडायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. बातमी आनंदाचीच लिहायची. तिनं उभ्यानं लिहायला सुरुवात केली :

‘आनंदाची बातमी : आपल्या गावाला साकव नाही, हे काल दुपारपासून आपल्या सर्वांना कळलं आहे. या आधी लिहिलेली बातमी खोटी होती आणि ती मी लिहिली होती. धोंडाई सुखरूप आहे. ससेआजोबा वारले, त्यांना आपण नीट निरोप दिला नाही. बाळकूच्या पिल्लांना खरूज आहे, कडुलिंबाचा पाला नेऊन द्यावा. उद्या शनिवार. ज्याला पद असेल त्यानं ते घरी ठेवून ओढ्यावर यावं.’

फळ्यापुढं गर्दी झाली. बाळकूनं दोनदा वाचलं, मग डोळे पुसले आणि यादीचा कागद खाऊन टाकला.

भाऊसाहेब तिरप्या चालीनं धावत आले. “बाई! हे काय लिहिलंत? मी तुमचं पद काढून घेईन!”

“झाडामागं ठेवलंय. खुर्चीसकट न्या,” साळूबाई म्हणाली.

“फळासुद्धा जप्त करीन!”

“फळा गावाचा आहे. गावाला विचारा. आणि लेखणी हवी असेल,” साळूबाईनं पाठ वळवली, “तर या, घ्या काढून.”

भाऊसाहेबांनी त्या काट्यांकडं बघितलं. ते पुढं आले नाहीत. मागंही गेले नाहीत. ते बाजूला गेले.

शनिवारी सकाळी ओढ्यावर सगळं गाव आलं. अकरा वर्षांत कधी आले नव्हते तेही आले. केरबा शेला घेऊन आला होता, पण पाण्यात भिजून तो इतका चिवट झाला होता की केरबानं तो पिळून दोरात वळला. बाळकूनं पहिल्या धडाक्यात चार खड्डे उकरले आणि वर येऊन म्हणाला, “आई शप्पथ, किती दिवसांनी बरं वाटलं!” मुंग्या रांगेनं माती आणू लागल्या. त्यांच्यात आता एकही उपाध्यक्ष नव्हती, त्यामुळं रांग भराभर चालत होती. साळूबाई फळ्यांना आपल्या काट्यांचे खिळे ठोकत होती. एका दगडावर बसून धोंडाई सगळ्यांच्या चुका काढत होती.

इतक्यात वाजंत्रीशिवाय आबा आले. त्यांच्या पाठीवर ढोलकं होतं आणि ढोलक्यावर भाऊसाहेब बसले होते.

“थांबवा!” भाऊसाहेब ओरडले. “विनापरवाना बांधकाम! कुणाच्या अर्जावर चाललंय हे?”

“कसलं बांधकाम, भाऊसाहेब?” साळूबाईनं नम्रपणे विचारलं.

“कसलं म्हणजे? साकवाचं!”

“साकवाचं काम तर पूर्ण झालं आहे. तुमच्या सहीचं पत्र वरच्या रानात पोचलंय. तिथून अभिनंदनही आलंय. झालेला साकव आम्ही पुन्हा कसा बांधणार?”

“मग हे काय करताय?”

“फिरायला आलोय,” केरबा वरून म्हणाला.

भाऊसाहेबांच्या तोंडाला फेस आला. काम थांबवायचं तर साकव नाही असं लिहून द्यावं लागणार होतं. साकव आहे म्हणावं, तर थांबवायला काहीच नव्हतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचार करून पाहिला, पण तो त्यांच्या पायांना झेपेना. शेवटी त्यांनी नांगी ढोलक्यावर मारली. “आबा! यांना थांबवायचं ना?”

आबांनी मान हलवली.

“आबा,” बाळकूनं विचारलं, “थांबवायचं नाही ना?”

आबांनी मान हलवली.

मग धोंडाई दगडावरून म्हणाली, “आबा, तो सागाचा ओंडका काही या पोरांच्यानं हलत नाही. तुम्ही जरा ओढता का?”

आबांनी मान हलवली. बस्स, तेवढंच पाहिजे होतं. केरबानं त्यांच्या पाठीवरून ढोलकं उतरवलं, भाऊसाहेबांसकट, आणि झुलीवरून दोर बांधला. आबांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. ओंडका चिखलातून सुटला आणि सरसर निघाला. आबांचं अंग थरारलं. ते शेवटी बैल होते, आणि ही गोष्ट त्यांना कित्येक वर्षांत कुणी आठवू दिली नव्हती. ओंडका जागेवर आला तेव्हा त्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या आणि एका शिंगाचा गोंडा चिखलात पडला होता. भाऊसाहेब जिवाच्या आकांतानं ढोलकं बडवत होते, पण ठोकाठोकीत ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

आबांनी वळून पाहिलं, आणि निवडून आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले.

“अजून आहे का?”

गाव टाळ्या वाजवू लागलं. साळूबाईला वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. आणि गंमत म्हणजे ही बातमी आनंदाची होती, खरीही होती, आणि त्यात आबांचं नावही होतं.

उन्हं कलली तेव्हा साकव उभा राहिला. पहिल्यापेक्षा रुंद आणि एका जादा खांबानं मजबूत. पहिला मान धोंडाईला दिला. ती काठी घेऊन निघाली. पाऊल टाकायच्या आधी ती प्रत्येक फळी काठीनं चाचपत होती. साळूबाई तिच्या मागं चालत होती आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तिनं ठरवलं, गावातल्या सगळ्यांनाच एकेक काठी ठेवायला सांगायचं, वाचता येत असलं तरी. पलीकडे तुळसा पिल्लांना घेऊन उभी होती. धोंडाई पोचेपर्यंत दिवेलागण झाली, आणि पिल्लं आजीची वाट बघता बघता चालायला शिकली.

साळूबाईनं रविवारी फळ्यावर सगळं जसं झालं तसं लिहिलं. कोण आलं, कुणी काय केलं, कुणाचा अंगठा ठेचला. आबांनी किती ओंडके ओढले तेही. लोकांनी वाचलं, नावं बरोबर असल्याची खात्री केली आणि आपापल्या कामाला गेले.

सोमवारी कचेरीकडून एक कोनशिला आली. ती साकवावर ठेवली असती तर साकव मोडला असता, म्हणून काठावर उभी केली. तिच्यावर भाऊसाहेबांनी कोरून घेतलं होतं, की हा साकव पूर्वीपासूनच पूर्ण आहे. मंगळवारी ससाण्यानं झाडावर बसून जाहीर केलं, की साकव आपल्याच आंदोलनामुळं झाला. आंदोलन त्यानं उंचावर केलं होतं, त्यामुळं खालच्यांना दिसलं नव्हतं. बुधवारी वरच्या रानातून एक शिष्टमंडळ आलं आणि ही योजना मूळची त्यांचीच असल्याचं सांगून, जेवून गेलं. आबांना कुणी विचारलं तर ते मान हलवत नव्हते. ते म्हणत, “थांबा, जरा खांब बघून येतो,” आणि ओढ्याकडं निघून जात.

मग निवडणुका लागल्या. साकव कुणी बांधला, हे भोकरखोऱ्यात लहानथोर सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्या प्रश्नाचा निकाल आता बहुमतानं लावायचा आहे.